भैरवी झाल्यावर गाणं लावू नका

"अल्बम कोण ऐकतं आता" हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की त्याचा राग पण येत नाही, पण हे म्हणणारी मंडळी रात्री दोनपर्यंत वेब सिरीजचे सहा भाग सलग संपवतात आणि सकाळी ऑफिसात डोळे चोळत बसतात, त्यामुळे वेळ नसतो हे कारण मला सांगू नका. वेळ आहे. चाळीस मिनिटं काढायची म्हटली तर कुणालाही काढता येतात. माझं म्हणणं असं की लोकांची सवय वगैरे नंतरची गोष्ट, आधी गाणी पुरवणाऱ्या कंपन्यांनी अल्बम फोडून त्याची सुटी गाणी करून टाकली आणि आता वर आपल्यालाच सांगतात की पब्लिकला हेच हवंय.

मी संगीतातली जाणकार नाही. गाणं शिकलेली नाही, राग ओळखते तो पण कधी बरोबर कधी अंदाजपंचे. ख्याल, अभंग, भावगीत, जाझ, रॉक, रॅप, जे कानाला पटतं ते ऐकते. तर ही सगळी एका ऐकणारीची मतं, भांडायचं असेल तर जरूर भांडा.

अल्बम म्हणजे साहेबाकडून आलेली भानगड, आपल्याकडे सुट्या गाण्यांचीच परंपरा, असं एक मत नेहमी पुढे येतं. साफ चूक. क्रमाचं महत्त्व आपल्याला कुणी शिकवायची गरजच नाही. तमाशात आधी गण, मग गवळण, मग बतावणी आणि मग वग. वग आधी आणि गण शेवटी केला तर लोक फेटे उडवणार नाहीत, चपला उडवतील. कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग असतो, बुवांनी आख्यान आधी लावून निरूपण नंतर घेतलं तर बाकावरची आजी सुद्धा भुवया उंचावेल. आणि मैफल भैरवीने संपते. भैरवी झाली की तानपुरे आडवे होतात, चपला शोधायची गडबड सुरू होते, त्यानंतर कितीही मोठा गवई असो तो मारवा धरून बसत नाही. आणि आमचं अॅप काय करतं, भैरवीचा शेवटचा सूर हवेत आहे तोवर "तुम्हाला हे पण आवडेल" म्हणून कुठलं तरी हळदीचं गाणं लावतं. आवाज पण दुप्पट. ह्याला सोय म्हणायचं?

आता गीतरामायण घ्या, कारण मराठीत अल्बम म्हणजे काय हे सांगायला ह्याच्याइतकं चांगलं उदाहरण मला सापडत नाही, आणि गंमत म्हणजे ते अल्बम म्हणून जन्माला आलेलंच नाही. १९५५ च्या रामनवमीला, १ एप्रिलला, पुणे आकाशवाणीवर पहिलं गीत लागलं आणि मग दर आठवड्याला एक नवीन असं करत वर्षभराच्या वर ते चाललं, एकूण ५६ गीतं. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांच्या चाली. आज घरोघरी त्यातली आठ-दहा गाणी वाजतात आणि बाकीची चाळीसेक कुणाला माहीतच नाहीत. सगळ्यात जास्त वाजतं ते 'दैवजात दुःखे भरता', म्हणजे 'पराधीन आहे जगती' वालं. शोकसभा असो, दहावा असो, कुणाच्या स्टेटसवर श्रद्धांजली असो, हेच. त्यामुळे ते गाणं आता एक सर्वसाधारण सांत्वन झालंय, माणूस गेला की लावायचं.

पण ते क्रमाने ऐका एकदा. त्याच्या आधी 'माता न तू वैरिणी' आहे, भरत आजोळहून परत येतो आणि सख्ख्या आईला नाही नाही ते बोलतो. मग 'चापबाण घ्या करी', म्हणजे चित्रकूटावर लक्ष्मणाला सैन्याची धूळ दिसते, त्याला वाटतं भरत मारायलाच येतोय आणि तो धनुष्य उचला म्हणून रामाला सांगतो. म्हणजे एका पाठोपाठ एक दोन गाणी नुसता संताप आहे, एक भावाचा आईवरचा आणि एक भावाचा भावावरचा. आणि त्यावर राम हे इतकं शांत गाणं म्हणतो. आणि एवढं समजावून झाल्यावर लगेच पुढचं गाणं कुठलं तर भरताचं 'तात गेले, माय गेली', म्हणजे रामाच्या सगळ्या तत्त्वज्ञानाचा भरताच्या दुःखावर काडीचा परिणाम झालेला नाही! हे गदिमांनी मुद्दाम केलंय, उगाच नाही. सुटं गाणं ऐकलं तर राम ज्ञानी वाटतो, आणि क्रमाने ऐकलं तर ज्ञानी तर वाटतोच पण थोडा हतबल पण वाटतो. ह्या हतबलतेसाठी मला ते गाणं आवडतं आणि ती सुट्या गाण्यात नाहीच.

अजून एक. गीतरामायणाचं पहिलं गीत म्हणजे कुश-लव रामापुढे गातायत ते, आणि शेवटचं म्हणजे वाल्मीकी त्या दोघांना सांगतो की जा बाळांनो, रामापुढे रामायण गा. म्हणजे शेवटचं गाणं तुम्हाला परत पहिल्याच्या दारात नेऊन सोडतं. वर्षभरापूर्वी जे ऐकलं ते का ऐकलं हे तेव्हा कळतं. आता हे शफलवर लावा.

माझं एक मत जरा वेगळं आहे आणि त्यावरून घरात वाद होतात. रेडिओवर ही गीतं वेगवेगळ्या गायकांनी म्हटली होती, लता मंगेशकर होत्या, माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, आणि नंतर बाबूजींनी, म्हणजे फडक्यांनी, सगळी स्वतः एकट्याने गायली ती आपण रेकॉर्डवर ऐकतो. सगळ्यांना बाबूजींचं एकट्याचंच खरं वाटतं. बाबूजींचे शब्दोच्चार देवाघरचे आहेत त्यात वादच नाही. पण मला सीतेचं दुःख बाईच्या आवाजात आणि हनुमानाचं बळ दुसऱ्या कुणाच्या आवाजात ऐकायला जास्त आवडतं, रामायणात माणसं खूप आहेत हो, एकाच आवाजात ती सगळी सज्जन वाटायला लागतात.

'ज्ञानेश्वर माऊली'चं पण तेच. हृदयनाथांचं संगीत, लताबाईंचा आवाज, आणि त्यात 'ॐ नमोजी आद्या' आहे आणि पसायदान पण आहे. आता ज्ञानेश्वरी ज्याने नुसती हातात धरलीय त्याला पण माहितीय की एक ग्रंथाच्या सुरुवातीला येतं आणि दुसरं अगदी शेवटी, नऊ हजार ओव्या सांगून झाल्यावर आता मला प्रसाद दे म्हणून. आमच्या फोनवर एका सकाळी पसायदान आधी लागलं, मग 'मोगरा फुलला', आणि मग मंगलाचरण. प्रसाद आधी, पूजा नंतर. ह्या अल्बमबद्दल माझी एवढीच तक्रार, म्हणजे अल्बमबद्दल नाहीच, तो जसा आहे तसा माझ्या दृष्टीने मराठीतला सगळ्यात मोठा आहे, 'घनु वाजे घुणघुणा' मधली ती बेचैनी मला अजून कुठल्याही भाषेतल्या कुठल्याही गाण्यात सापडलेली नाही.

'गारवा' आमच्या पिढीचा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आला, सौमित्रचे शब्द आणि मिलिंद इंगळेचा आवाज, गाण्यांच्या मध्ये कविता म्हटलेल्या. आज ऐकलं तर त्या कविता जरा जास्तच भिजलेल्या वाटतात हे मी कबूल करते, कॉलेजात असताना पाऊस पडला की आपण पण असंच काहीतरी बोलायचो. पण त्या कविता काढून नुसती गाणी लावा, चार गोड गाणी उरतात बस. कवितेने गाणी बांधलेली होती. आता मध्येच कुणीतरी बोलतंय म्हणून लोक पुढे ढकलतात.

बाहेरच्यांचं बोलायचं तर पिंक फ्लॉइडच्या 'डार्क साइड ऑफ द मून' पासून सुरुवात करावीच लागते, नाहीतर रॉकवाले मित्र बोलू देत नाहीत. १९७३. हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होतो आणि ठोक्यांवरच संपतो, मध्ये वेळ, पैसा, वेड, मरण असं सगळं. खरं सांगू का, मला हा अल्बम लोक म्हणतात तेवढा ग्रेट वाटत नाही, 'मनी' हे गाणं तर मध्येच कुणीतरी हॉटेलात भांडी आपटल्यासारखं येतं. पण एका मित्राकडे तो एलपीवर, म्हणजे जुन्या मोठ्या तबकडीवर, ऐकला तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. पहिली बाजू संपते ती 'द ग्रेट गिग इन द स्काय' वर, ज्यात क्लेअर टॉरी नावाची बाई एकही शब्द न म्हणता नुसती आक्रोशत गाते. संपलं. सुई वर. आता उठायचं, रेकॉर्ड उलटायची, त्या अर्ध्या मिनिटात खोलीत कुणी बोलत नाही. आणि मग दुसऱ्या बाजूला गल्ल्याचा खणखणाट, 'मनी'. मरणानंतर मध्ये एक श्वास आहे आणि मग बाजार सुरू. फोनवर तो श्वास नाही, एकातून दुसरं लगेच सुरू, म्हणून मला ते भांडी आपटल्यासारखं वाटत होतं. 'मनी' तरीही माझं आवडतं होणार नाही, पण ते तिथे का आहे हे कळलं.

ह्याच्या उलट 'थ्रिलर'. १९८२ चा, नऊ गाणी, त्यातली सात सिंगल म्हणून निघाली आणि सातही गाजली. मायकल जॅक्सन आणि क्विन्सी जोन्सच्या कामाला हात जोडले, पण माझ्या मते 'थ्रिलर' हा अल्बम नाहीच, नऊ जबरदस्त गाणी एका कव्हरमध्ये आहेत. कुठलंही आधी लावा, काही बिघडत नाही. आणि ह्यात कमीपणा काही नाही! उलट रेडिओहेडचा 'किड ए', २०००चा, त्यातून त्यांनी एकही सिंगल काढलं नाही, कारण एक गाणं उचललं तर हातात नुसतं धुकं येतं. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं गाणी अजून सुरूच झाली नाहीत. आता वर्षातून एखाद्या रात्री तो सगळाच्या सगळा लागतो आणि त्यातलं एक गाणं वेगळं ऐकायची इच्छा कधीच होत नाही.

क्रमाने अर्थ बदलतो ह्यावर ज्यांचा विश्वास नाही त्यांनी अमेरिकन रॅपर केंड्रिक लामारचा 'डॅम' ऐकावा. २०१७ चा, त्याला पुढच्या वर्षी पुलित्झर हे तिकडचं मानाचं पारितोषिक मिळालं, जाझ आणि शास्त्रीय सोडून इतर संगीताला ते पहिल्यांदाच. ह्या पठ्ठ्याने त्याच वर्षाच्या शेवटी तोच अल्बम उलट्या क्रमाने परत काढला. गाणी तीच, एक अक्षर बदललेलं नाही. सरळ ऐकलात तर सुरुवातीलाच गोळी लागते आणि बाकीचं सगळं त्या गोळीकडे बघत जातं, उलटं ऐकलात तर माणूस कसाबसा वाचतो आणि तरी शेवटी गोळी येतेच. मला सरळ जास्त पटतो. पण मुद्दा हा की हा रॅपर आहे, तरुण पोरांचा देव आहे, स्ट्रीमिंगच्या जमान्यातलाच आहे आणि त्याला क्रमाची एवढी पडलेली आहे. अल्बम म्हाताऱ्यांचं खूळ आहे असं म्हणणाऱ्यांनी ह्याचं काय करायचं ते ठरवा.

जाझमधलं 'काइंड ऑफ ब्लू' सगळेच सांगतात म्हणून मी बरीच वर्षं मुद्दाम टाळलं होतं. १९५९ चं, दोन दिवसांत रेकॉर्ड झालेलं, मार्चमध्ये एक आणि एप्रिलमध्ये एक, पाचच रचना. माइल्स डेव्हिसने वादकांना पूर्ण लिहिलेलं असं काही दिलंच नव्हतं, नुसते आराखडे. आपल्याकडच्या माणसाला हे ऐकताना घरी आल्यासारखं का वाटतं तर ह्यात सुरावट धरून तिच्यात फिरायचं आहे, सारखं सारखं ठिकाण बदलायची घाई नाही. शेवटच्या 'फ्लॅमेंको स्केचेस' मध्ये तर प्रत्येक वादक पाच सुरावटींतून आपापल्या सवडीने जातो, जिथे वाटलं तिथे थांबतो, सॅक्सोफोनवाला कोल्ट्रेन थांबतो ते तर आलापीच आहे. एक गंमत अशी की पहिल्या दिवशी एक टेप मशीन जरा हळू फिरत होतं, त्यामुळे एलपीची पहिली बाजू किंचित चढ्या सुरात छापली गेली आणि १९९२ पर्यंत जग ती तशीच ऐकत होतं. मग कंपनीने दुसऱ्या मशीनवरची टेप काढून ती दुरुस्त केली. म्हणजे बघा, पाव सुराएवढ्या सुद्धा नाही अशा फरकासाठी तिकडे जुन्या टेपा शोधतात आणि इकडे आमच्याकडे गीतकाराचं नाव शोधायला कुणाला सवड नाही. त्यावर येतेच.

पियानोवाल्या कीथ जॅरेटचा 'कोल्न कॉन्सर्ट' पण सांगते, २४ जानेवारी १९७५, कोलोनच्या ऑपेरा हाऊसमध्ये भलताच छोटा आणि बिघडलेला पियानो आणून ठेवलेला, वरचे सूर पत्र्यासारखे, खर्जात दम नाही. मग हा बाबा मधल्याच सुरांत राहिला आणि डाव्या हाताने ठेका धरून तासभर मनाला येईल ते वाजवत बसला. एलपीच्या बाजूत मावेना म्हणून दुसरा भाग मध्येच कापावा लागला, तो काप मला अजून खुपतो. शेवटी एक छोटा तुकडा आहे, मोठा ख्याल झाल्यावर एखादी ठुमरी यावी तसा. लोक तेवढाच ऐकतात, आणि ख्याल न ऐकता ठुमरी ऐकणाऱ्यांना जेवढं मिळतं तेवढंच त्यांना मिळतं.

ह्या सगळ्यांच्या पंगतीत मी 'कॉल ऑफ द व्हॅली' बिनधास्त बसवते. १९६७, शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. शिवजी आणि हरिजी दोघंही तेव्हा तिशीच्या आतले. काश्मीरच्या दरीतल्या एका धनगराचा दिवस, पहाटे अहिर भैरव, मग नट भैरव, पिलू, संध्याकाळी भूप, रात्री देस आणि शेवटी पहाडी. म्हणजे क्रमाची कल्पना परदेशातून आणायची गरजच पडली नाही, आपल्या रागांना वेळ आहे, वेळ लावली की गोष्ट तयार. आणि ही रेकॉर्ड एचएमव्हीसाठी करवून घेणारा माणूस कोण तर जी. एन. जोशी, म्हणजे ज्यांनी 'रानारानांत गेली बाई शीळ' गाऊन मराठी भावगीताला सुरुवात करून दिली तेच. ही गोष्ट किती मराठी लोकांना माहितीय? जगभर ज्या भारतीय रेकॉर्डचं नाव घेतात ती आपल्या भावगीतवाल्याने उभी केली आणि आपण तिच्यातला पहाडीचा तुकडा योगा क्लासमध्ये वाजवतो.

आता दुसरी बाजू, कारण ती आहे आणि खोटी नाही. अल्बमची ती चाळीस मिनिटं काही आकाशातून पडलेली नाहीत. १९४८ मध्ये कोलंबियाने एलपी काढली, एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं बसायची, म्हणून अल्बम चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचा. त्याच्या आधी तीन-साडेतीन मिनिटांची तबकडी होती आणि तिच्यात काय कमी होतं? केसरबाई केरकरांची भैरवी, 'जात कहाँ हो', साडेतीन मिनिटांची, १९७७ मध्ये नासाच्या व्हॉयेजर यानाच्या सोनेरी तबकडीवर बसून सूर्यमालेच्या बाहेर जायला निघाली. गोव्यातल्या केरी गावची बाई! ती साडेतीन मिनिटं स्वयंपूर्ण आहेत, त्यांना अल्बमची गरज नाही. (त्या तबकडीचा पण क्रम ठरलेला आहे बरं का, २७ रचना, आणि केसरबाईंची भैरवी शेवटून तिसरी. तिच्यानंतर ब्लाइंड विली जॉन्सन आणि मग बेथोव्हन. म्हणजे भैरवीनंतर दोन गाणी त्यांनी लावलीच, पण असली असतील तर माफ.) गोव्याचंच म्हणाल तर लॉर्नाची कोकणी गाणी, ख्रिस पेरीचा तो ब्रास बँड, 'बेबदो' लागलं की संपला विषय, त्याच्या मागे-पुढे काय होतं हे विचारायची गरज पडत नाही. हिंदी सिनेमाचं गाणं पण तसंच, त्याचा क्रम सिनेमात असतो.

म्हणजे सगळं संगीत अल्बममध्येच असावं असं मी म्हणतच नाही. उलट काही वाईट अल्बम केवळ जागा आहे म्हणून झालेत. सीडी आली, ७४ मिनिटं मिळाली आणि लोकांनी ती भरून काढली. नव्वदनंतरच्या कितीतरी चांगल्या अल्बममधली शेवटची वीस मिनिटं उगाच आहेत, आपल्याकडच्या सिनेमांच्या सीडीत तर तेच गाणं परत दुःखी चालीत आणि मग रीमिक्स, काय तो छळ. आणि ते 'डिलक्स एडिशन' नावाचं प्रकरण, जिथे अल्बम नीट संपलेला असतो तिथे त्याच्या पुढे टाकून दिलेली चार गाणी जोडतात. माणसाने विचार करून ती काढली होती ना? मग?

इंडियन ओशन ह्या बँडचा 'कंदिसा', २००० सालचा, मला अल्बम म्हणून जरा विस्कळीत वाटतो, हे बोललं की माझे अर्धे मित्र तुटतात. 'मा रेवा' नर्मदेच्या काठचं, त्यांचा राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात होता तिथून आलेलं, 'हिल्ले ले' गोरख पांडेंच्या कवितेवर, आणि शीर्षकाचं गाणं केरळच्या चर्चमधली सुरियानी प्रार्थना. प्रत्येक गाणं दमदार, पण एकमेकांशी बोलत नाहीत. तरी मी तो सलगच ऐकते, कारण विस्कळीत आहे हे माझं मत बनवायचा हक्क मला सलग ऐकूनच मिळतो.

तर माझा झगडा सुट्या गाण्याशी नाही. जे एकत्र केलं होतं ते एकत्र मिळत नाही, ह्याच्याशी आहे. २०२१ मध्ये इंग्लंडची गायिका अॅडेलने स्पॉटिफायला सांगितलं की अल्बमच्या पानावर शफलचं बटण आपोआप पुढे ठेवू नका, आम्ही क्रम विचार करून लावतो, आणि त्यांनी ऐकलं, बटण बदललं. म्हणजे करायचं ठरवलं तर एका दिवसाचं काम आहे. फक्त अॅडेल म्हटल्यावर होतं. हृदयनाथांसाठी किंवा संगीतकार श्रीनिवास खळ्यांसाठी कोण जाऊन सांगणार? आणि कंपन्यांना ह्याची गरज नाही कारण तीस सेकंद ऐकलं की स्पॉटिफायवर एक ऐकणं मोजलं जातं, पैशाचा हिशोब त्यावरच, नंतर तुम्ही गाणं पूर्ण ऐकलं काय आणि सोडलं काय. तीस सेकंदांत कुठल्या ख्यालाची आस तरी नीट लागते?

मराठीचे हाल त्यातल्या त्यात वाईट. जुना अल्बम शोधा, मूळ अल्बम सापडणं मुश्कील, त्यातली दोन गाणी 'सदाबहार भक्तिगीते' मध्ये, तीन 'बेस्ट ऑफ' मध्ये, एक कुठल्या तरी आषाढी स्पेशलमध्ये, आणि वर्ष बघावं तर अपलोड केल्याचं. सत्तरच्या दशकातल्या गाण्यापुढे दोन हजार कितीतरी लिहिलेलं. त्यामुळे नवीन मुलांना काळच कळत नाही, खळ्यांच्या चाली आधीच्या की नंतरच्या, कुणी कुणाकडून काय घेतलं, काहीच नाही. लताबाईंचं 'अभंग तुकयाचे' मी एका अॅपवर शोधायला गेले तर संगीतकाराच्या जागी पण गायिकेचंच नाव होतं. श्रीनिवास खळे गायब. ज्या माणसाने 'भेटीलागी जीवा' ला ती चाल दिली तो गायब.

नावाचा हा प्रश्न जगभर आहे, नाही असं नाही. वर जिचं नाव घेतलं त्या क्लेअर टॉरीला त्या गाण्यासाठी १९७३ मध्ये तीस पौंड मिळाले होते, रचनेत तिचा वाटा आहे हे मान्य व्हायला कोर्टाची पायरी चढावी लागली आणि २००५ मध्ये तडजोड होऊन तिचं नाव लागलं. आपल्याकडे गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा हक्क कायद्याने मिळाला तो २०१२ च्या दुरुस्तीनंतर. पण कायदा पैशाचं बघतो, नाव फोनच्या स्क्रीनवर दिसलं पाहिजे हे कोण बघणार? आपले संत ह्या बाबतीत हुशार होते, 'तुका म्हणे' शेवटच्या ओळीतच घालून ठेवलं, आता कुठलीही कंपनी ते काढू शकत नाही. वामनदादा कर्डकांनी पण गाण्यात आपलं नाव गुंफलं आणि म्हणून ती भीमगीतं कुणाची हे गावोगावच्या लोकांना पाठ आहे, कॅसेटच्या कव्हरवर काय छापलं होतं ह्याच्याशी काही देणंघेणं नाही. भावगीतवाल्या कवींनी ही खबरदारी घेतली नाही आणि तेच मार खातायत. तबलजी आणि व्हायोलिनवाले तर सोडाच.

काही लोक म्हणतील ग्राहकाने मागितलं तर कंपनी देईल. अहो पण ग्राहकाला अल्बम होता हेच माहीत नसेल तर तो मागेल कशाला? २०१७ मध्ये सारेगामाने कारवां काढला, पाच हजार गाणी भरलेला रेडिओसारखा डबा, आमच्या ओळखीत प्रत्येक साठीच्या वाढदिवसाला तोच भेट. आई-बाबांना आवडला, मला पण बरा वाटतो, स्वयंपाक करताना छान आहे. पण पाच हजार गाणी आणि अल्बम एकही नाही, ही तीच गोष्ट झाली. साठीच्या माणसांना तरी माहीत होतं हे गाणं कुठल्या रेकॉर्डच्या कुठल्या बाजूला होतं, त्यांच्या नातवंडांना कुठून कळणार.

मागणी काही मोठी नाही. मूळ अल्बम मूळ क्रमाने, मूळ वर्ष टाकून, आणि गीतकार, संगीतकार, संयोजक, वादक ह्यांची नावं. अल्बम संपला की गप्प बसा. सदाबहार, बेस्ट ऑफ, पावसाळी, लग्नसराई, जे काय विकायचं ते शेजारी विका, ना नाही. आणि माहिती कुठून आणायची हे रडगाणं नको, मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आहे, गावोगाव संग्राहक आहेत ज्यांच्या कपाटात हे सगळे एलपी कव्हरसकट उभे आहेत, चहा पाजला तर अख्खा दिवस बसून दाखवतील. बहुतेक कव्हरच्या मागे छापलेलं आहे सगळं. टाईप करायला एक माणूस बसवा फक्त, आणि त्याला मराठी वाचता येतं का तेवढं आधी बघा.